गोळी घेतलेल्या मामाचं पाणी

"बैलाला कुनी इचारतं व्हय गं पोरी, बाबा रं, तुझं ठेवू का काढू म्हनून? तू मला इचारतीयास हेच लई झालं. आन तो कागद हिकडं."

मोत्सुमी हे बोलला तेव्हा त्याचा एक गुडघा खोंडाच्या मानेवर होता आणि हातात खच्ची करायचा चिमटा होता. खोंडाचे मागचे पाय बांधलेलं दावं मी ओढून धरलं होतं. नर्स गोराता गुरांच्या वाडग्याच्या काटेरी कुपाबाहेर एका दगडावर उभी होती, पांढरे बूट शेणात जाऊ नयेत म्हणून.

"बाबा, आधी मी वाचून दाखवते, सही मग. हे सगळं तुमच्या मर्जीनं आहे. गोळी कधीही सोडता येते, आणि का सोडली हेसुद्धा सांगावं लागत नाही."

"इतकं मोकळं तर माझ्या बायकूनं बी कधी सोडलं न्हाय मला."

खोंडाचा मालक खांग कुपाला टेकून काडीनं दात कोरत होता. तो फिसकन हसला. "कर, कर सही. जलमभर गावाचं बैल बडवलंस, आता तुला बडवनारं बी शहरातनं आलं. फिटंफाट झाली."

"मला बडवून जे उरंल ना खांग, ते तुझ्या आख्ख्यापरीस जास्त भरंल," मोत्सुमी म्हणाला आणि चिमटा मिटला. खोंड एकदाच हुंकारलं. मग यानं हात पँटीला पुसले, कागदावर सही केली, आणि 'सही पुरे' असं गोराता म्हणत असतानाच वर आंगठाही उमटवला. शेणाचा तो आंगठा घेऊन ती गाडीत बसली.

मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. राजधानीतून, गाबोरोनेहून गाडी येते, फुकट गोळी देते, वर चहा आणि बिस्किटं, आणि दर तीन वाक्यांमागं एकदा 'तुमच्या मर्जीनं'. ज्याला कशाचीच घाई नाही असा पाहुणा दारात आला, की मी आधी माझी कोंबडी मोजतो.

मोत्सुमीचं वय तेव्हा अठ्ठावन्न. ठेंगणा, मानेत जाड, डाव्या आंगठ्याला नख नाही. आमच्या लेत्साने गावात आणि भोवतालच्या गुरांच्या तळांवर चिमट्याचा असा हात दुसरा नव्हता. त्यानं केलेला बैल संध्याकाळी चरायला लागायचा. कामाची त्याची एक रीत होती. चिमटा मिटण्याआधी तो जनावराच्या कानात त्याच्या रंगाचं नाव घ्यायचा. तांबडा, बांडा, राखी, कपाळावर चांद असलेला, ज्याचं जसं नाव असेल तसं. माफी मागायचा नाही. "त्याचं नुकसान कोन करतंय ते त्याला कळाया नको व्हय?" एवढंच म्हणायचा.

राग त्याचा भडकणारा नव्हता. भडकणारा राग परवडतो, पेटतो आणि विझतो. याचा राग शेणीच्या विस्तवासारखा, वरून राख आणि आत लाल. आणि तो सगळा एकाच माणसावर होता, थोरल्या सख्ख्या बहिणीवर, केलापिलेवर.

बारा वर्षांपूर्वी मोत्सुमी दक्षिणेला खाणीत कामाला होता. इकडं आई गेली. आमच्याकडं माती शनिवारी पहाटे देतात. दूरचा माणूस यायचा असला तर देह शवागारात ठेवतात, हा शनिवार नाही तर पुढचा. केलापिलेनं निरोप धाडला, पण वाट पाहिली नाही. मोत्सुमी रविवारी दुपारी बॅग घेऊन उतरला तेव्हा मांडवाच्या खुर्च्या परत नेण्यासाठी गाडीत चढवत होते. एकुलता एक मुलगा तो. मातीची पहिली मूठ त्याची, ती चुलतभावानं टाकली होती.

तो बहिणीला एक शब्द बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खाण सोडून गावातच राहिला, तिच्या घरापासून तिसऱ्या अंगणात, आणि बारा वर्षं बोलला नाही. भाचीच्या लग्नात मामा म्हणून जे करायचं ते सगळं केलं. बोलणीत पुढं बसला, मामाच्या मानाचं बैलाचं मुंडकं घेऊन गेला. बसला मात्र बहिणीकडं पाठ करून.

भाची म्हणजे केलापिलेची लेक, सेतुन्या. शाळेचे गणवेश शिवते. तिच्यावर त्याचा जीव होता, स्वतःला पोर नसल्यानं जरा जास्तच. तिचे दोन गर्भ गेले, दोन्ही सहाव्या महिन्यात. दवाखान्यानं रक्त तपासलं, पडद्यावर पोट पाहिलं, दोष सापडला नाही. मग गावानं आपल्या परीनं दोष काढला. थोरल्या माणसाच्या काळजात दुखणं असलं आणि ते त्यानं तोंडावाटे काढलं नाही, तर ते घरातल्या धाकट्याला लागतं. आमच्याकडं त्याला दिक्गाबा म्हणतात. शाप नव्हे, शाप माणूस ठरवून देतो. हा न बोललेला तळतळाट. ज्याचा असतो त्यालाही तो नको असतो. आणि मामाचा सगळ्यात कडक.

त्याला उतारा आहे. पहाटे परातीत पाणी घ्यायचं, त्यात रानबोरीचा पाला टाकायचा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस मामाला विचारतं, "काय ठेवलंयस मनात?" मामानं ते नाव घेऊन सांगायचं आणि त्या पाण्यानं भाचीचं तोंड, हात, पोट धुवायचं. सांगायचं आणि धुवायचं. दोन्ही वेळा, दोन्ही गर्भांच्या वेळी, मोत्सुमीची न्तेसांग आत्या काठीवर हनुवटी टेकून विचारती झाली. दोन्ही वेळा मोत्सुमी म्हणाला, "काय न्हाय, आत्या." आणि सगळ्यांना माहीत होतं की खोटं बोलतोय.

तिसऱ्या खेपेला सेतुन्याला दिवस गेले तेव्हा ती वाडग्यावर आली. मी होतो तिथं.

"मामा, तुमच्या मनात नसंल तर ह्या बारीला पानी नका वतू. मी बगीन माझं माझं."

शिवी दिली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. ती गेल्यावर तो चिमट्याला तेल लावत बसला. लावून झालं, तरी लावतच होता.

"मी बसतो रं माफ कराया," तो मला म्हणाला. "खरंच बसतो. डोळं मिटतो, म्हनतो चल, सोड. आन मला त्या खुर्च्या दिसत्यात. येकावर येक ठेवलेल्या. मनाला काय तोटी असती व्हय, फिरवली का बंद?"

त्याच आठवड्यात आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर कागद लागला होता. जुना राग ज्यांना सोडवत नाही त्यांच्यासाठी गोळी, रोज एक, चार महिने. स्वेच्छेनं यावं. तो स्वेच्छेनं गेला. सेतुन्याला तेव्हा तिसरा लागला होता, सहावा लागायच्या आत पाणी व्हायला हवं होतं. म्हणजे आपखुशीनंच म्हणायचं. मागं विस्तव असताना माणूस पुढं पळतो, तेही आपखुशीनंच.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात, भरदिवसा, तो बहिणीच्या अंगणात शिरला. तिच्या आणि माझ्या घरामधली मातीची भिंत कमरेएवढी, त्यामुळं मला लपून पाहावं लागलं नाही.

"केलापिले, पेज उरलीया का?"

केलापिले ज्वारी पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं. ती उठली, पेज आणि पाल्याची भाजी वाढली, आणि त्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या हातांकडं बघत उभी राहिली. तो दोन वाडगे जेवला. भाजीत शेंगदाण्याचं कूट आईसारखं पडलंय म्हणाला. आई म्हातारपणी गाढवाशी कशी भांडायची याची नक्कल केली, स्वतःच हसला, हात धुतले आणि गेला.

केलापिले भिंतीपाशी आली. "त्याला कुनी काय चारलं तर न्हाय ना?"

"चारलं न्हाय, त्यानंच गिळलं," मी म्हणालो आणि गोळीचं सांगितलं.

तिनं भिंतीवरचा मातीचा पोपडा नखानं काढला. मग म्हणाली, "आन मी खुळी दोन वाडगं वाढून बसले."

पुढं तो रोज यायला लागला. गावात ज्याला जे सुचलं ते तो बोलला. कुणी म्हणालं, डाव आहे, जवळ येऊन डसणार. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, पवित्र आत्मा उतरला. त्याची बायको म्हणाली, "घरात बी ग्वाडच बोलतुया. मला रातभर झोप न्हाय." मी स्वतः त्याला दोनदा मुद्दाम खिजवून पाहिलं. तो हसला. डोळे मात्र तसेच होते, चिमटा मिटल्यानंतर जनावराचे होतात तसे. का मलाच तसे वाटले कुणास ठाऊक. संशय एकदा डोळ्यात गेला की सगळीकडं तोच दिसतो.

न्तेसांग आत्यानं गोराताला गाठलं, आरोग्यकेंद्राच्या बाकावर, वीस माणसांदेखत.

"पोरी, तुमच्या गोळीनं मानूस माफ करतो का त्याला माफी येती?"

गोराताला प्रश्न आवडला असावा. ती बाकावर टेकली. "आजी, तुम्ही चष्मा लावता. चष्म्यातनं दिसतं ते खोटं असतं का?"

"चष्मा मी डोळ्याम्होरं लावते. झोपताना काढून ठेवते. तुमी डोळंच बदलाया निघालाय."

"त्यांनीच मागितलं, आजी. त्यांनाच तो राग नको होता. आपल्याच मनातलं नको ते काढून टाकायचा हक्क माणसाला नाही का?"

"हाय की. पन काढून टाकलं ते कुटं टाकलं, ते सांग. पोटातलं भाईर काढलं तर दिसतं. ह्यानं तर नुसतं झाकलंया का जाळलंया, काय बी कळत न्हाय."

गोराता खाली बघत म्हणाली, "ते अजून आम्हालाही नक्की कळलेलं नाही." बाकावरच्या वीस माणसांपैकी चौघांनी खिशातल्या गोळ्या चाचपल्या.

पाचवा महिना लागला. ठरल्या पहाटे सगळी केलापिलेच्या अंगणात जमली. सेतुन्या चटईवर पाय पसरून बसली, तिचा नवरा मागं उभा. परातीत पाणी, वर रानबोरीचा पाला. मोत्सुमी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून आला होता, लग्नाला आल्यासारखा.

आत्यानं काठीवर हनुवटी टेकली. "काय ठेवलंयस मनात?"

"काय न्हाय, आत्या."

"मागल्या दोन बारीला बी हेच म्हनलास."

"तवा खोटं बोललो. आज खरं हाय. झाडून काढल्यावानी हाय. बग पायजे तर."

"केलापिलेनं तुझ्याबिगर आईला माती दिली."

"दिली. व्हतं असं."

"पहिली मूठ तुझी गेली."

"गेली. मूठभर मातीच ती."

केलापिलेनं हे ऐकून शालीचा पदर तोंडात धरला. कोंबडा आरवून गेला.

"मग आता धू काय?" आत्या म्हणाली.

मोत्सुमीला कळलं नाही. तो परातीजवळ वाकलेलाच राहिला.

"मळ न्हाय, तर धुतोस काय? म्हने कोऱ्या कापडाला साबन. तू खोटं 'न्हाय' म्हनलास तवा निदान आत काय तरी हाय एवढं तरी मला दिसायचं. आता मला कायच दिसंना." आणि तिनं काठीच्या टोकानं परात कलती केली. पाणी मोरुलाच्या झाडाच्या मुळाशी गेलं. "मी हे पानी झालं असं म्हननार न्हाय."

सेतुन्या रडली नाही. तिनं गुडघ्यावर भिजलेला पाला चिकटला होता तो उचलून बाजूला ठेवला आणि नवऱ्याचा हात धरून उठली. मामा म्हणाला, "पोरी, मी खरंच..." ती म्हणाली, "व्हय मामा, ठावं हाय," आणि आत गेली. त्या 'ठावं हाय'मध्ये काही नव्हतं. राग नव्हता, मायाही नव्हती.

गोष्ट तिथंच अडकून राहिली असती. खांगनं ती पुढं ढकलली.

मोत्सुमीची एक तांबडी कालवड होती. आमच्या गुरांच्या कानाला ज्याच्या त्याच्या खुणेचा काप असतो. मोत्सुमीचा डाव्या कानाला, पाकोळी पाखराच्या शेपटीसारखा दुभंगलेला. ती कालवड दोन दिवस दिसली नाही, आणि तिसऱ्या दिवशी खांगच्या कळपात पाणी पिताना दिसली. पाकोळीची शेपटी अर्ध्यातून छाटलेली, कान अजून ओला. हे मी पाहिलं, खांगनं मी पाहिलेलं पाहिलं, आणि मोत्सुमीनं आम्हा दोघांना पाहिलं.

"खांग," मोत्सुमी म्हणाला, "तिला चारीपाशी उभी नगं करू, पाय घसरतो तिचा." आणि चालू लागला.

मी त्याच्या मागं पळालो. "अरं, कान कापलाय त्यानं! ढळढळीत!"

"त्याला गरज आसंल."

"गरज? चाळीस गुरं हायत त्याच्याकडं!"

"आसू दे की रं. काय नेनार हाय आपन वर." आणि शीळ घालत गेला. पंचवीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

मी ते केलापिलेला सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा वाटलं. कारण ती डोक्याला फडकं बांधून तशीच निघाली, तळापर्यंत पाच मैल चालत गेली, आणि साठी उलटलेल्या त्या बाईनं खांगला त्याच्या गड्यांसमोर असा धुतला की गाढवं कुपाला जाऊन चिकटली. कालवड मात्र तिला आणता आली नाही. कापाचा मालक स्वतः येऊन म्हणेल तरच जनावर सुटतं, आणि खांगला ते ठाऊक होतं. "तुझा भाऊ काय म्हनत न्हाय, तू कोन?" तो म्हणाला.

परत येऊन ती थेट भावाच्या अंगणात उभी राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं तो उंबरा पाहिला.

"खांगला माफ केलंस?"

"केलं. बस, च्या घे."

"मला बी केलंस?"

"तुला तर कवाच केलं, केलापिले."

"सारखंच?"

मोत्सुमी कपात साखर घालत होता. तिसरा चमचा हातात थांबला.

"चोराला आन मला येकाच मापानं? त्यो कालवड चोरतो, मी तुझ्या आईची माती चोरली, आन तुला दोन्ही सारखंच, आसू दे म्हनून?" तिचा आवाज चढला. "बारा वर्सं मी वाट बगितली का तू कधी तरी माझ्याकडं तोंड करून बोलशील. शिव्या दे, काठी घे, पन माझ्याकडं बगून. आन तू आलास ते हे घेऊन. तुझ्या गोळीला माझं तोंड बी ठावं न्हाय रं! रस्त्यावरच्या कुत्र्याला बी तिनं आशीच माफी दिली आसती. नको मला तसली. त्यापरीस तुझी पाठ बरी व्हती. ती तरी माझ्यासाठीच फिरवलेली व्हती."

आणि ती गेली. चहा तसाच राहिला.

मोत्सुमी दुसऱ्या दिवशी आरोग्यकेंद्रात गेला. मी त्याच्याबरोबर होतो, कारण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की 'कधीही सोडता येते' हे खरं निघतं का.

"सोडायची मला," तो गोराताला म्हणाला आणि उरलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"त्रास होतोय का, बाबा? डोकं दुखतं? पोट?"

"लई ब्येस वाटतंय. त्योच तर घोळ हाय."

"मग?"

"पोरी, मी बैल गप करतो. खानीत जायच्या आधीपासनं करतोय. पन गप झालेला बैल चांगला झाला, असं मी कवा कुन्या मालकाला सांगितलं न्हाय. तुमी मला चांगला केला का गप?"

गोरातानं पेन खाली ठेवलं. "बाबा, मला खरंच माहीत नाही. तेच शोधायला आम्ही आलोय."

"म्हंजे तुमास्नी बी ठावं न्हाय आन गिळतोय मी!" तो हसला. अजून गोळीच हसत होती.

तिनं एका ओळीवर सही घेतली, कारण विचारलं नाही. तेवढं मात्र तिनं पाळलं. जाताना म्हणाली, "अंगातून पूर्ण जायला महिना लागेल. आणि राग पहिल्याइतकाच परत येईल. कदाचित जास्त. घरच्यांना सांगून ठेवा."

सेतुन्याला तेव्हा सहावा लागायला चार आठवडे होते.

पहिला आठवडा तो गोडच होता. दुसऱ्या आठवड्यात शीळ थांबली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो काही न बोलता काठी घेऊन निघाला, आणि दुपारी तांबड्या कालवडीला पुढं घालून परत आला. खांगची टोपी पाण्याच्या चारीत सापडली. खांगही त्याच चारीत बसलेला सापडला असं गडी सांगतात. मी नव्हतो, म्हणून खात्रीनं सांगत नाही.

बहिणीकडं मात्र तो गेला नाही. तिच्या घरावरून जाताना मान पुन्हा फिरवायला लागला. गाव म्हणालं, झालं, आला मूळ पदावर. केलापिले रोज पहाटे परात घासून पालथी घालत होती, हे मी भिंतीवरून पाहत होतो.

सहावा लागायला तीन दिवस उरले होते. उजाडत होतं. मोत्सुमी तिच्या अंगणात आला तो ओरडतच आला. सदरा उलटा होता.

"येक शनवार! येक शनवार थांबली असतीस तर तुझं काय जळत व्हतं?"

केलापिले दारात आली. सेतुन्या त्या आठवडाभर नवऱ्यासकट आईकडंच होती, तीही मागं आली.

"मी बसमदी उभ्यानं आलो! दोन दिस! आन तू खुर्च्या मोजून घेत व्हतीस! माझी आई व्हती ती, तुझ्या येकटीची न्हवती! कोन तू, कोन तू माझी मूठ दुसऱ्याला देनारी?"

आता कुत्रीही गप झाली होती. केलापिलेनं दाराची चौकट धरली.

"मुद्दाम दिली," ती म्हणाली.

तो थांबला.

"शवागारवाल्यानं इचारलं व्हतं, अजून येक आठवडा ठेवायचं का. मी म्हनले, नको. नऊ वर्सं तिचं मी काढलं मोत्सुमी, अंथरुनातलं समदं. तू पैसं धाडायचास आन ती गावभर सांगायची, माझा ल्योक, माझा ल्योक. मी तिचं ढुंगन धुवायची आन ती तुझं नाव घ्यायची. म्हनलं, शेवटाला तरी माझ्या हातनं जाऊ दे. त्याला नको." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे मी कुनाला बोलले न्हाय."

न्तेसांग आत्याला बोलवायला कुणी गेलं नाही. एवढ्या ओरड्यानं ती आपणहून काठी टेकत आली होती आणि भिंतीशी उभी होती. तिनं परातीकडं बोट केलं. सेतुन्याच्या नवऱ्यानं पाणी घातलं, तिनं स्वतःच पाला तोडून टाकला.

"काय ठेवलंयस मनात?" आत्यानं विचारलं.

मोत्सुमीनं सांगितलं. खुर्च्या सांगितल्या, बॅग सांगितली, मूठ सांगितली, आणि आता ऐकलेलं तेही सांगितलं, बहिणीकडं बोट करून, तिचं नाव घेऊन. दोनदा शिवी आली, आत्यानं ती अडवली नाही. मग ती त्याच काठीनं केलापिलेकडं वळली. "आन तू?" असं कधी विचारत नाहीत, मामालाच विचारतात. तरी केलापिलेनं सांगितलं, भावाच्या नावानं, आईच्या नावानं.

मोत्सुमी खाली बसला. ओंजळीतलं अर्धं पाणी चटईवर सांडलं. त्यानं भाचीचं तोंड धुतलं, हात धुतले, पोटावर ओंजळ सोडली. "माझ्या काळजातनं तुला काय लागलं आसंल तर ते ह्या पान्यासंगं जाऊ दे," तो म्हणाला. मग बहिणीकडं न बघता म्हणाला, "तुला माफ केलं असं मी म्हनलेलं न्हाय. पोरीचं पोरीपाशी, आपलं आपल्यापाशी."

"मी कुटं मागितलीया?" केलापिले म्हणाली.

"पानी झालं," आत्या म्हणाली आणि बसायला स्टूल मागितलं.

केलापिलेचं मात्र समाधान झालं नव्हतं. तो उठताना ती पुढं आली. "आज गोळी घेतली न्हवतीस ना?"

"घे, बग," तो म्हणाला आणि तिच्यासमोर आ केला, जनावराचे दात बघतात तसा. आणि तिनं खरंच पाहिलं, हनुवटी धरून, जिभेखाली बोट घालून.

मी मनात दिवस मोजले. सोडल्याला पंचवीस झाले होते. महिना भरला नव्हता. त्या ओंजळीत थोडी तरी गोळी होती का, आणि होती तर किती, हे आत्याला माहीत नाही, गोराताला नाही, त्यालाही नसणार. मी कुणाला बोललो नाही, पण संशय गेला नाही, अजून नाही.

"पेज टाकते, खाऊन जा," केलापिले म्हणाली.

"खालच्या तळावर पाच खोंडं बांधून ठेवल्यात. ऊन चढलं म्हंजे माश्या बसत्यात." त्यानं सदरा काढून सुलटा केला, घातला, आणि माझ्याकडं बघून ओरडला, "तू काय तमाशा बगतूस भिंतीवरनं? दावं घे. आन लांबडं घे, मागल्या बारीला आखूड आनलंवतंस."

मी दावं घेतलं. तो चिमटा खांद्यावर टाकून पुढं निघाला होता.